याकोबची साक्ष

उपासना संपली तरी भिमाबाई जागची हलली नाही. याकोबची साक्ष तिच्या मनात घर करून बसली होती. टीबी झाला, गोळ्या नाल्यात फेकल्या, नुसती प्रार्थना केली आणि वर्षाच्या आत छातीचा फोटो स्वच्छ आला. थेरगावच्या त्या पत्र्याच्या चर्चमध्ये हे ऐकायला चाकणहून माणसं यायची. पाळकसुद्धा आपलं प्रवचन आवरतं घ्यायचे.

"सोजरबाई, ठरलं माझं," ती याकोबच्या बायकोला म्हणाली. "उद्यापासनं पोराची इंजेक्शनं बंद. सुई बघून लई रडतंय. तुमच्या मालकांचा टीबी प्रभूनं घालवला, माझ्या लेकराचा न्हाई व्हय घालवणार?"

ते पोर सोजरच्या अंगाखांद्यावर वाढलं होतं. आणि साक्षीत नसलेली एक गोष्ट तिला एकटीलाच ठाऊक होती.

नवऱ्याने गोळ्या फेकल्यावर तिने दवाखान्यातून पुन्हा आणल्या होत्या. घरी त्याच्या देखत काही जमेना, म्हणून ती त्या कुटून कंपनीच्या डब्यातल्या झणझणीत कालवणात मिसळायची. डबा चाटूनपुसून परत आला की तिचा जीव भांड्यात पडायचा. शिवाय संध्याकाळी तो चार भाकरी हाणायचा. दुखणं उतरलं की भूक वाढते, असं नर्सबाईंनी सांगितलंच होतं. नवरा बरा झाला, त्याचं नाव झालं, आणि सोजरला प्रार्थनेत डोळे मिटायची भीती वाटू लागली. देवाचं श्रेय आपण चोरलं, की देवाच्या नावावर खोटं खपवलं, हेच तिला कळेना.

आता बोलावं तर नवरा मंडळीत तोंड दाखवू शकणार नव्हता. गप्प राहावं तर पोर जाणार. तिने भिमाबाईला घरी नेलं आणि याकोबसमोरच सांगून टाकलं.

"ह्यांना गोळ्यांनीच गुण आला. मीच डब्यातनं घालत होते, चोरून."

याकोब टॉवेलने तोंड पुसत होता. त्याचा हात थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं.

"खरं हाय, दादा?" भिमाबाईने विचारलं.

"पोराला उद्या दवाखान्यात न्या," तो म्हणाला. "एक इंजेक्शन चुकवू नका."

भिमाबाई गेली. सोजर भिंतीला टेकून खाली बसली.

"काहीतरी बोला. रागवा पायजे तर."

"रागावलो न्हाई गं." याकोब तिच्याशेजारी येऊन बसला. "बरा होईस्तोवर दुपारचं जेवायचं न्हाई, असा प्रभूला शब्द दिला होता. उपास कुणाला दाखवू नये, म्हणून तुलाबी बोललो न्हाई. तुझा डबा रोज कंपनीच्या गेटवरचा गेनबा खात होता."