मागच्या खोलीतल्या बाई

सव्वीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या बाई पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकल्या. वर्षभर खपून त्यांनी वाचनालयातल्या नव्या बोलत्या यंत्राला एकेक पुस्तकाची जागा शिकवली. आता वाचक यंत्रालाच विचारत. बाई काउंटरवर रिकाम्या हातांनी नुसत्या बसून राहत.

एका दुपारी, कित्येक वर्षं रोज येणाऱ्या आजोबांनी यंत्राकडे जुनं प्रवासवर्णन मागितलं.

यंत्र म्हणालं, "मागच्या खोलीत बाई आहेत, त्या देतील."

"अहो, मी इथे आहे!" बाई ताडकन उठल्या. "त्या खोलीत काही नाही. कपाटंसुद्धा हलवलीत."

आजोबा तोवर आत गेले होते. आतून पुस्तकावरची धूळ झटकल्याचा आवाज आला.

आजोबा पुस्तक घेऊन हसत बाहेर आले. "बाईंनी लगेच काढून दिलं हो."

मग काउंटरवरच्या बाईंना निरखत म्हणाले, "तुम्ही इथे नवीन का?"