फोनवरचं रडणं

देवीच्या साथीत पंचफुलाला नागपूरच्या दवाखान्यात वेगळं ठेवलं होतं. आत कुणालाच सोडत नसत. घरच्यांशी बोलता यावं म्हणून फाटकावर फोन बसवला होता. त्याच आठवड्यात तिचं तान्हं लेकरू घरी तापानं गेलं. ते सांगायची तिच्या नवऱ्याची, रूपरावची, छाती होईना.

"मले त्याचं रडणं तरी ऐकवा जी," ती रोज म्हणे. मग तो शेजारच्या इंदूबाईचं बाळ घेऊन येई आणि चिमटा काढून फोनपाशी धरी.

आज ती म्हणाली, "उद्या सुट्टी देऊन राहिले." रूपरावचा हात पुन्हा बाळाच्या मांडीकडे गेला.



"नोका रडवू जी त्याले," ती हळूच म्हणाली. "आपलं असतं, तं माहा आवाज ऐकून चूप झालं असतं."