दिशेचा अर्धा गुण

नववीचे विज्ञानाचे पेपर तपासत बसले होते. वेग विचारला की पोरं नुसतं ‘ताशी ऐंशी किलोमीटर’ लिहून मोकळी होतात. अरे बाळांनो, ती झाली चाल. वेग सांगायचा तर कुठल्या दिशेनं तेही सांगावं लागतं! मी सरळ अर्धा गुण कापते.

तेवढ्यात नवऱ्याचा गाडीतून व्हिडिओ कॉल आला. त्याचं ऑफिस आमच्या घराच्या पूर्वेला. संध्याकाळी घरी येताना ऊन थेट डोळ्यांवर येतं म्हणून रोज कुरकुर करायचा, शेवटी मीच हौसेनं गॉगल घेऊन दिला.

“निघालो गं ऑफिसातून! ताशी ऐंशी किलोमीटरनं तुझ्याकडेच येतोय, चहा टाक.”

गॉगल कपाळावर सरकवलेला, स्वारी एकदम खुशीत. आणि गाडीच्या मागच्या काचेतून मावळता सूर्य त्याच्या खांद्यावरून थेट माझ्या डोळ्यांत घुसत होता.

मी लाल पेनाला टोपण लावलं.



“आकडा बरोबर, एककही बरोबर,” मी म्हटलं, “दिशा तेवढी खोटी सांगितलीस.”