मिस अल्माचं चाक

कप्तान ऑसबर्टनं डावा हात चाकाच्या सर्वांत वरच्या मुठीवर ठेवला आणि बर्नेल सुतारानं श्वास रोखला.

"काय केलंस हे, बर्नेल? माझ्या गलबताला गाडीचं चाक लावलंस. आता गाढवही जुंप."

"गाढव उभं आहे की," बर्नेल म्हणाला. "चाक धरून."

कप्तानाची मुलगी जॉयलिन हसली नाही. मोठ्या बेटावर लोखंडी फेरीबोट चालवणारी बाई ती, रजा काढून विंडवर्डला, आपल्या गावी, आली होती एकाच कामासाठी. धक्क्यावर पाय घसरून पडल्यापासून बापाचा उजवा खांदा वर जात नव्हता. त्याच्या 'मिस अल्मा' गलबताचं सुकाणू वळवायला माणसाएवढा लांब दांडा होता, आणि वारा असला की त्याला दोन्ही हात लावून वर अंगही टाकावं लागे. जॉयलिननं आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "चाक बसवा. खडकांच्या फटीतून बाहेर जाऊन परत या, कुठं न घासता. जमलं तर बरंच झालं. नाहीतर बाबा, गलबत विकायचं. गिऱ्हाईक तयार आहे."

बर्नेलनं आजवर चाळीसएक गलबतं बांधली होती, सगळी दांड्याची. चाक हे पहिलंच. खरं तर तिसरं. पहिल्याचा मधला तुंबा आरे ठोकताना फुटला आणि दुसऱ्याला गोल म्हणायला त्याची बायकोसुद्धा तयार होईना. या तिसऱ्याला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या सीडर लाकडाचे आठ आरे, आणि वरच्या मुठीवर तीन खाचा, म्हणजे सुकाणू सरळ आहे हे न बघता हाताला कळावं. चाकामागं लाकडी रूळ, रुळावर दोराचे वेढे, आणि दोराची दोन्ही टोकं जुन्याच दांड्याला.

त्याला भीती चाकाची नव्हती, ऑसबर्टच्या हाताची होती. एकाहत्तर वर्षांचा माणूस, सहाव्या वर्षापासून दांडा धरलेला. असला हात या वयात नवं काही शिकतो का?

शिडात वारा भरला. फट जवळ आली, दोन्ही बाजूंना खडकांवर पाणी फेसाळत होतं. ऐन तोंडाशी वाऱ्यानं दिशा बदलली आणि गलबत कललं. बर्नेलनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खडक मागं पडले होते आणि ऑसबर्ट शीळ घालत होता. त्यानं बाहेर मोठा वळसा घेतला आणि त्याच फटीतून गलबत परत आत आणलं. एकाच हातानं. चाक इकडे की तिकडे, असा विचार करायला तो एकदाही थांबला नाही.

बर्नेलचा जीव भांड्यात पडला. तो होता तिथंच मटकन खाली बसला.

"जमलं," जॉयलिन म्हणाली आणि तोंड फिरवून तिनं डोळे पुसले. गलबत विकायची हौस तिला तरी कुठं होती? बाप बुडू नये, एवढंच तिला हवं होतं. "सरका बाबा. मलाही बघू दे बर्नेलकाकांची करामत."

तिनं चाक हातात घेतलं. समोर, जराशी डावीकडे, एक रिकामी होडी नांगरून पडली होती, काठावर पाणकोळी बसलेले. तिला टाळायला जॉयलिननं चाक उजवीकडे फिरवलं. 'मिस अल्मा' तडक होडीच्याच रोखानं निघाली.

"उजवीकडे घे!" कप्तान ओरडला.

"उजवीकडेच घेतेय!" तिनं चाक आणखी उजवीकडे दाबलं. पाणकोळी भुर्रकन उडाले. कप्तानानं लेकीला खांद्यानं बाजूला सारलं, चाक डावीकडे फिरवलं, आणि गलबत सुतासारखं सरळ होडीच्या उजवीकडून निघून गेलं.

जॉयलिननं चाकाकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, मग बर्नेलकडे.

"काका, हे उलटं आहे. जगात कुठल्याही गलबतात चाक उजवीकडे, तर गलबत उजवीकडे."

बर्नेलच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. दांडा डावीकडे ढकलला की गलबत उजवीकडे जातं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. चाक जिकडे तिकडेच दांडाही, अशा हिशेबानं त्यानं दोर गुंडाळला होता. चाळीस गलबतं बांधलेला माणूस, आणि लेकीसारख्या पोरीनं चूक दाखवावी!

"आत्ता नीट करतो," तो पुटपुटला. "दांड्यावरच्या दोन गाठी सोडायच्या, टोकं बदलायची. पाच मिनिटांचं काम."

"हात तर लावून बघ," कप्तान म्हणाला. "दांडा ढकलायला माझा हात ज्या बाजूला जायचा, त्याच बाजूला चाक फिरवायचं. मला याहून सरळ चाक नको."

"अहो पण बाबा, मग तुमच्याशिवाय हे गलबत कुणालाच चालवता येणार नाही!"

"म्हणजे विकताही येणार नाही," कप्तान म्हणाला.

जॉयलिननं मदतीच्या आशेनं बर्नेलकडे पाहिलं. बर्नेल गुडघ्यांवर रांगत मागं गेला, दांड्यावरच्या दोन्ही गाठी त्यानं हातानं चाचपल्या, आणि एकेक करून आणखी घट्ट ओढल्या.