कोण लपलंय

उसाचा फड चहूबाजूंनी तुटत आला, की आत दडलेलं जनावर शेवटच्या पट्ट्यात सरकतं. पाथर्डीहून तोडीला आलेल्या भागूबाईला हे पक्कं ठाऊक. बिबट्या माणसाच्या आवाजाला बुजतो, म्हणून तिनं लेकीला बैलगाडीत बसवून बजावलं, “पंके, साळंतली कविता म्हनत ऱ्हा. थांबायचं न्हाई.” आवाज येतोय तोवर लेक आहे, एवढाच तिचा धीर.

“हिरव्या हिरव्या राना, कोन लपलंय सांग ना!” पंकजा बेंबीच्या देठापासून गात होती.

“रानानं सांगितलं म्हंजी कळंल!” भागूबाईची जाऊ सुरेखा हसली.

“हिरव्या हिरव्या राना...” आणि आवाज बंद.

भागूबाई कोयता टाकून धावली. पंकजा गाडीत ताठ उभी होती, नजर उसावर. वारा पूर्ण पडला होता, तरी उसाचे शेंडे हलत होते.

“आई,” ती कुजबुजली, “आता इचारू नको.”

भागूबाईनं तिला पोटाशी धरलं आणि मोठ्यानं तीच ओळ म्हटली. कीर्तनात ध्रुपद उचलावं, तशी फडातल्या बायांनी ती मागून उचलली. ऊस हलायचा थांबला, तरी एकही गळा थांबला नाही.