भिंतीला परात

मेहकरच्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं, "काका, लॅपटॉप म्हातारा झाला, रेंज धरत नाही. बाजूले परात धरून पाहा." म्हणून छकुलीची नोकरीची शेवटची मुलाखत सुरू झाली, तेव्हा तिचा बाप गोकुळ कॅमेऱ्यात दिसणार नाही असा, परात घेऊन उकिडवा बसला होता.

वाय-फाय भिंतीपलीकडचं, गोकुळच्या थोरल्या भावाचं, कारभारीचं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झाल्यापासून त्याच्याशी बोलणं बंद होतं. भांडणाआधीचा पासवर्ड मात्र अजून चालत होता. तो अजून का बदलला नाही, हे विचारायला जाणार कोण?

दुसऱ्याच प्रश्नाला पडद्यावरच्या मॅडम गोठल्या.

"बाबा, रेंज गेली! परात वर घ्या... अजून वर!"

गोकुळनं परात उचलली. घामेजल्या हातातून ती सटकली आणि फरशीवर खणाणली.

"कापलं! ऐन वेळेले बरोबर कापलं यानं," तो भिंतीकडं पाहून ओरडला. "पोरीच्या पोटावर पाय देते का बे!"

पलीकडं काहीतरी फरफटत सरकलं. मॅडम एकदम हलल्या, रेंजच्या साऱ्या काड्या भरल्या. गोकुळनं परातीला मनोमन हात जोडले आणि पडली तिथून शेवटपर्यंत तिला हलू दिलं नाही.

छकुलीनं हसत लॅपटॉप मिटला.


तेवढ्यात भिंतीच्या वरच्या फटीतून कारभारीचा आवाज आला, "झालं असंन तं उतरू का बे गोकुळ? राउटर डोक्यावर घेऊन शिडीवर उभा हाय मी."