राहिलेला सूर

शेळगावच्या भजनी मंडळात जन्मभर पेटी वाजवलेले दत्तोबा सुनेच्या बारामतीतल्या कॉलेजात नाक मुरडतच बसले. पोरानं परस्पर कोर्टात लग्न केल्यापासून ते सुनेशी चकार शब्द बोलले नव्हते. आजही पोराच्या हट्टापायी आलेले. तिच्या संशोधनातला प्रयोग असा: कानात धून वाजणार, शेवटच्या सुराआधी तुटणार, राहिलेला सूर ऐकणाऱ्यानं गायचा. "असले पोरखेळ आमच्याकडं अंगणवाडीत चालत्यात," ते पोराकडं बघून म्हणाले. धून तुटली. दत्तोबांनी ओठ घट्ट मिटले. हेडफोन टेबलावर आदळून ते जिना उतरले, गाडीत बसले. पण तुटलेली धून काही केल्या डोक्यातनं जाईना. कॉलेजच्या फाटकावरच गाडी थांबवायला लावून, पुन्हा जिना चढून, धापा टाकत, त्यांनी सुनेच्या तोंडावर तो सूर खणखणीत लावला. पुन्हा खुर्चीत बसत थेट तिच्यावरच गुरगुरले, "लाव गं पुढची. आन् आता अर्धी सोडलीस तर गाठ माझ्याशी हाय!"